नवा लॅपटॉप, नवं लिनक्स: शेजारी बसून मदत करणाऱ्यांसाठी

जून-जुलैत ॲडमिशनची धावपळ सुरू झाली की, आणि पुढे दसरा-दिवाळीच्या ऑफर लागल्या की, माझ्याकडे लॅपटॉपच्या बॅगा यायला लागतात. मी नाशिकमधल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे, राहते इंदिरानगरला. लॅबमधली मशीन लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चालतात हे मुलांनी पाहिलेलं असतं. मुलं "मॅडम" म्हणतात, बिल्डिंगमधली पोरं "काकू" म्हणतात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला असलेले "ताई" म्हणतात. मागणी मात्र सगळ्यांची सारखीच: "एवढं लिनक्स टाकून द्या ना."

टाकून द्यायचं नाही. लॅपटॉप ज्याचा, माउस त्याच्या हातात. आपण शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि हात चहाच्या कपाला गुंतवून ठेवायचे. आपण अर्ध्या तासात टाकून दिलेलं मशीन महिन्याभरात परत दारात येतं, कारण मालकाला पासवर्ड कुठे विचारतात तेही माहीत नसतं. तेच त्यानं स्वतः दोन तास लावून, चुकत-माकत बसवलं, तर पुढची वर्षं तो स्वतः सांभाळतो. खालचं सगळं या हिशोबानं लिहिलंय. नवशिक्याला मदत करायला जो बसणार आहे, त्याच्यासाठी.

आधी नाही म्हणायला शिका

सगळ्यांनी लिनक्सवर यावं असं मला वाटतं, पण सगळ्यांना आणू नये हे अनुभवानं कळतं. ज्याचं पोट टॅलीवर आहे, त्याला विंडोजवरच राहू द्या. टॅलीप्राइम विंडोजसाठीच येतं. डिजिटल सहीचा डोंगल लावून सरकारी पोर्टलवर दिवसभर काम करणारे, सेतू केंद्रात बोटांच्या ठशाचं यंत्र वापरणारे, यांनाही तेच. वकिलांकडे आणि छापखान्यांत श्रीलिपीतल्या फायलींचे गठ्ठे असतात. त्या युनिकोडमध्ये नसतात, फॉन्ट नसला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. त्यांनी आधी त्या फायलींचा बंदोबस्त करावा, मग आपल्याकडे यावं.

विद्यार्थी, मास्तर, लिहिणारे, ब्राउझरमध्येच सगळं काम करणारे, प्रोग्रॅमिंग शिकणारे: यांना खुशाल बसवा. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर जुनी मशीन घेऊन येणारेही वाढले. पण जुन्या मशीनवर लिनक्स बसवणं सोपं असतं. डोकं खातात ती नवीकोरी.

कर्नल मशीनपेक्षा धाकटा हवा

नव्या मशीनचं गणित इथेच आहे. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे वायफाय, आवाज असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात. म्हणजे तुमच्या पेन ड्राइव्हवरचा कर्नल ज्या महिन्यात निघाला, त्यानंतर बाजारात आलेली चिप त्याला ओळखता येईलच असं नाही. वायफाय दिसत नाही, आवाजाच्या जागी "डमी आउटपुट" दिसतं, ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथूनच निघतात.

पिंपळगाव बसवंतची एक मुलगी, डिप्लोमाला, नवा लॅपटॉप घेऊन आली होती. भावानं त्याच्या हॉस्टेलवरून आणलेला पेन ड्राइव्ह सोबत. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे काही न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून, सुरू केलं, सगळं छान दिसतंय, आणि वायफायच्या यादीत एकही नाव नाही. "काकू, घरी तर लागत होतं," म्हणाली. घरी विंडोजवर लागत होतं. मी तिला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला लावलं. फोनवर सांगते तसंच सांगितलं: एल, एस, पी, सी, आय, जागा सोड, वजाचं चिन्ह, एन, एन, के. सगळी लहान अक्षरं. भली मोठी यादी आली. "यात नेटवर्क कंट्रोलर शोध." सापडलं: रिअलटेक, आरटीएल ८८५२बीई, आणि पुढे चौकटी कंसात १०ईसी, विसर्ग, बी८५२. त्याच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ असायला हवी होती. ती नव्हतीच.

ती ओळ नाही, म्हणजे कर्नलला ते कार्ड दिसतंय पण चालवता येत नाही. पेन ड्राइव्हवर होतं मिंट २१ (मिंट हा लिनक्सचा एक प्रकार), त्यातला कर्नल ५.१५. या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ ला, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीत. लॅपटॉपमध्ये बिघाड नव्हता, तिचंही काही चुकलं नव्हतं, पेन ड्राइव्ह म्हातारा होता. मिंट २२ ची फाईल घेतली, त्यात ६.८ कर्नल आहे, आणि वायफायच्या यादीत आमच्या अख्ख्या सोसायटीची नावं आली.

कंसातला तो आकडा नवशिक्याला वहीत लिहून घ्यायला लावा. पहिला भाग कंपनीचा, दुसरा वस्तूचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १०डीई एनव्हिडिया, आणि ८०८६ म्हणजे इंटेल. (त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचा नंबर. हे सांगितलं की पोरं खुश होतात आणि आकडा विसरत नाहीत.) इंटरनेटवर "माझं वायफाय चालत नाही" असं शोधलं तर पसारा हाती येतो, तो आकडा टाकून शोधलं तर नेमकं उत्तर.

मग कुठलं लिनक्स? नवशिक्याला मी लिनक्स मिंट देते, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपचं. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे डिग्री होईपर्यंत हात लावायला नको. त्या मालिकेतली सगळ्यात ताजी आवृत्ती घ्यायची. मूळ २२ मध्ये कर्नल ६.८, तर २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या २२.२ मध्ये ६.१४. मशीन अगदीच नवं, प्रोसेसर बाजारात येऊन चार-सहा महिनेच झालेत, तर फेडोरा. त्याची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि कर्नल ताजा राहतो. डेबियन मला स्वतःला आवडतं, घरच्या मशीनवर तेच आहे, पण नव्या लॅपटॉपवर नवशिक्याला मी ते सुचवत नाही. त्याचा कर्नल ठरवूनच एका जागी थांबलेला असतो.

खरेदीच्या आधीच कुणी विचारायला आलं तर सोन्याहून पिवळं. एमजी रोडवरच्या दुकानात जाताना मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, लिहून आणायला सांगा. एकाच नावाखाली तीन वेगवेगळी वायफाय कार्डं असतात. मीडियाटेकचं एमटी७९०२ हे कार्ड बराच काळ लिनक्सच्या ड्रायव्हरविना राहिलं. ते दिसलं तर दुसरं मॉडेल बघा. इंटेलचं वायफाय असलं की निम्मी काळजी मिटते. "डॉस"वाला (विंडोजशिवाय विकला जाणारा) लॅपटॉप मिळाला आणि विंडोज खरंच नको असेल, तर तो घ्या, तेवढे पैसे वाचतात.

विंडोजमध्ये करायची कामं

पेटी उघडल्याबरोबर पेन ड्राइव्ह लावायचा नाही. आधी विंडोज एकदा पूर्ण सुरू करायचं, लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते आपल्या खात्याला जोडून घ्यायचं, आणि कंपनीच्या ॲपमधून बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचं) अपडेट असेल तर ते चार्जर लावून उरकायचं. विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्हही करून ठेवायचा, त्याला मोठा पेन ड्राइव्ह लागतो. सर्व्हिस सेंटरला गेलं की समोरचा माणूस "आधी विंडोजमध्ये दाखवा" म्हणतो, हा अनुभव माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना आलाय. विंडोजची की (परवान्याचा नंबर) मशीनच्या फर्मवेअरमध्येच, बायोससोबत, असते, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा बसवली तर ती आपोआप चालू होते. की हरवण्याची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क न विचारता कुलूपबंद होते. मालकाला पत्ताच नसतो. मग आपण बायोसमध्ये काहीतरी बदलतो आणि निळ्या पडद्यावर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" बघायचं. चालू असेल तर ती की खात्यात दिसते, ती वहीत उतरवायला लावायची. हो, ४८ च्या ४८ आकडे, आणि एकदा मोठ्यानं वाचून ताळा करायचा. त्यानंतर मी एन्क्रिप्शन बंद करायला सांगते. ते उलगडायला वेळ लागतो, तेवढ्यात दुसरा चहा होतो.

पॉवरच्या सेटिंगमधलं "फास्ट स्टार्टअप" बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला तर फायली नुसत्या वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

मग जागा. विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा कप्पा) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करायचं, लिनक्सच्या इन्स्टॉलरवर ते काम सोपवायचं नाही. मिंट २० जीबीतही बसतं, पण १०० जीबी मोकळी सोडा. इथे प्रत्येक नवशिका एक प्रश्न विचारतोच: "५१२ जीबीचा घेतला, ४७६ च कसे दिसतात? फसवलं का?" फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. मोकळी झालेली जागा "अनॲलोकेटेड" म्हणून काळी दिसते. तिला हात लावायचा नाही, नवीन ड्राइव्ह म्हणून फॉरमॅट करायची नाही. उत्साही मुलं नेमकं तेच करतात, लक्ष ठेवा.

पेन ड्राइव्ह

मिंटची फाईल ३ जीबीच्या आसपास असते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही, त्यामुळे "आधी डाउनलोड करून ये" म्हणायच्या आधी घरी ब्रॉडबँड आहे का विचारा. नसेल तर आपण कॉपी द्यावी. फाईल उतरल्यावर तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळतो का ते बघायचं. सगळा नाही वाचला तरी चालेल, पहिली आणि शेवटची सहा-सात अक्षरं जुळली तर डाउनलोड अर्धवट राहिलेलं नाही एवढं कळतं. पेन ड्राइव्हवर उतरवायला विंडोजमध्ये रुफस किंवा बलेनाएचर. नुसती फाईल कॉपी-पेस्ट करून "बूट होत नाही" म्हणणारे दरवर्षी भेटतात. मदत करणाऱ्यानं स्वतःकडे व्हेंटॉय हा प्रोग्रॅम टाकलेला एक मोठा पेन ड्राइव्ह ठेवावा. त्यात खरोखरच नुसत्या फायली कॉपी करायच्या असतात, मिंट, फेडोरा, उबुंटू सगळं एकात मावतं.

बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी) कुठल्या कळीवर येतो हे कंपनीगणिक बदलतं. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप दाबून मग एफ९, असूसला एस्केप. एसरला एफ१२ आहे, पण बऱ्याच मॉडेलवर तो आधी बायोसमध्ये, म्हणजे एफ२ मध्ये जाऊन, चालू करावा लागतो. कळ एकदाच दाबून वाट बघायची नाही, सुरू होताना टकटक दाबत राहायचं.

बसवण्याआधी तासभर नुसतं वापरा

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" असं चिन्ह खुणावत असतं. नवशिक्याचा हात तिकडेच जातो. थांबवा. डिस्कला धक्का न लावता सगळं तपासायची हीच वेळ आहे. वायफाय लावा, गाणं वाजवा, हेडफोन लावून वाजवा, माइकवर बोलून रेकॉर्ड ऐका, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसच्या कळा, ब्लूटूथ, दोन बोटांनी स्क्रोल. झाकण लावून पाच मिनिटं ठेवा आणि उघडा: पडदा काळाच राहिला, तर ते आज कळलेलं बरं. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाही. तेवढ्यासाठी अडून बसू नका, पण आधी सांगून टाका.

वायफाय नसेल तर फोन यूएसबी केबलनं जोडून "यूएसबी टेदरिंग" चालू करायचं. ड्रायव्हर लागत नाही, दोन सेकंदांत इंटरनेट येतं. ही युक्ती नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवून ठेवा, पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडते. कार्डच दाद देत नसेल, तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते बदलता येतं. इंटेलचं एएक्स२१० घ्या, ते एएमडीच्या मशीनमध्येही चालतं. एएक्स२०१ स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, ते फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांशी बोलतं. आधी तळाचं झाकण उघडून कार्ड बोर्डावर डाग देऊन बसवलेलं नाही ना, हे दुकानदाराकडून बघून घ्या. वॉरंटी चालू असेल तर त्याचाही विचार करा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, असं इंटेलच्या मशीनवर होतं. बायोसमध्ये "व्हीएमडी" किंवा "आरएसटी" नावाची सोय चालू असते, ती बंद करून एएचसीआय (डिस्कशी बोलायची साधी पद्धत) करायचं. एसरच्या काही मॉडेलवर हा पर्याय लपवलेला आहे: बायोसच्या मेन टॅबमध्ये कंट्रोल आणि एस दाबलं की उघडतो. विंडोज ठेवायचं असेल तर हे सरळ बदलू नका, विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यायचं, मग नेहमीसारखं.

आता बसवा

खरं बसवणं वीस मिनिटांचं काम आहे. भाषा मी मुलांना इंग्रजीच ठेवायला सांगते, कारण अडचण आली की पडद्यावरचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा शोधता येतो. आजी-आजोबांसाठी मराठी. कीबोर्ड "इंग्लिश, इंडिया, विथ रुपी" निवडला तर उजव्या ऑल्टसोबत ४ दाबून ₹ येतो. टाइम झोनमध्ये मुंबई शोधू नका, कोलकाता निवडा.

डिस्कच्या पानावर मात्र नवशिक्याला प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावा. "अलाँगसाइड" म्हणजे विंडोजच्या शेजारी. "इरेज डिस्क" म्हणजे सगळं साफ, फोटोसकट. "समथिंग एल्स" म्हणजे आपल्या हातानं, तिथे आपण आधी मोकळी केलेली जागा निवडून "ईएक्सटी४" (ext4) प्रकारचं पार्टिशन करायचं आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ (/) द्यायची. विंडोजचं छोटं ईएफआय पार्टिशन (ज्यावरून मशीन सुरू होतं) तसंच वापरलं जातं, ते फॉरमॅट करायचं नाही. होमचं, म्हणजे आपल्या फायलींचं, वेगळं पार्टिशन करा असं जुने जाणकार सांगतात. नवशिक्याच्या मशीनवर मी करत नाही, एक भरून दुसरं रिकामं राहतं.

आणि आता आणखी एक निळा पडदा, बिटलॉकरचा नव्हे. इन्स्टॉल करताना "मल्टीमीडिया कोडेक्स" (गाणी-व्हिडिओ चालवणारे भाग) वर टिक केली आणि सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमला सुरुवातीलाच अडवणारी बायोसची सोय) चालू असेल, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. हा लॉगिनचा पासवर्ड नाही, एकदाच वापरायचा आहे. सोपा ठेवा, आठ अक्षरं, आणि वहीत लिहा. मशीन पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर दहापासून उलटी मोजणी लागते: कुठलीही कळ दाबा. या दहा सेकंदांत नवशिका फोनकडे बघत असतो. मोजणी संपली की मशीन काही न बोलता पुढे जातं, आणि पुढे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर का चालत नाही याचा शोध घेत संध्याकाळ जाते. म्हणून रीस्टार्टच्या आधीच बोट कळीवर ठेवून बसवा. कळ दाबली की "एनरोल एमओके", मग "कंटिन्यू", मग "येस", मग तो पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, तरी टाइप होतंय. मग रीबूट. संधी हुकलीच आणि फार खटपट नको असेल, तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं हा सरळ मार्ग आहे. बिटलॉकर आधी बंद केलंय ना, हे त्याआधी बघा.

पहिल्या दिवशीच

अपडेट मॅनेजर उघडून आधी भारतातला जवळचा, वेगवान मिरर (जिथून अपडेट उतरतात तो सर्व्हर) निवडा, मग सगळे अपडेट. त्यानंतर एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हर मॅनेजर, "रेकमेंडेड" लिहिलेला. आणि लगेच टाईमशिफ्ट: आठवड्याला एक स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या दिवसाची प्रत), दोन-तीन ठेवायचे. टाईमशिफ्ट सिस्टिम जपतं, फोटो आणि प्रोजेक्ट जपत नाही, हे तिथल्या तिथे सांगा. त्यासाठी मिंटचं बॅकअप टूल आणि बाहेरची हार्ड डिस्क. बाजारातून आणलेली हार्ड डिस्क विंडोजच्या फॉरमॅटमध्ये असते, तिच्यावर टाईमशिफ्टचे स्नॅपशॉट राहत नाहीत, त्याला लिनक्सचं पार्टिशन लागतं. फोटोंना कुठलीही चालते.

विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं आणि "काकू, काहीतरी बिघडलं" असा फोन येतो. बिघडलेलं नसतं. मशीनच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज आपली. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, १. एकदाच.

मराठी टायपिंग त्याच दिवशी लावून द्या, नाहीतर मशीन परकं वाटत राहतं. इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडलं की झालं. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर "इनपुट मेथड"मधून आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं.

सांभाळणं

नवशिक्याकडून मी तीनच सवयी मागते. आठवड्यातून एकदा ढालीच्या चिन्हावर क्लिक करून अपडेट, आणि तेही बॅटरी भरलेली असताना. आमच्याकडे पहिल्या वळवाच्या पावसाला लाईट जाते, लॅपटॉपला फरक पडत नाही, पण डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय कर्नलचं अपडेट लावू नये. दुसरी, डिस्क ९० टक्के भरली की डाउनलोड फोल्डर आणि जुने स्नॅपशॉट साफ करणं. तिसरी, इंटरनेटवर सापडलेली आज्ञा समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये न चिकटवणं, सुरुवातीला सुडो (म्हणजे सिस्टिमवरच्या पूर्ण अधिकारानं) असेल तर मुळीच नाही.

कर्नलच्या अपडेटनंतर वायफाय किंवा आवाज गेला तर घाबरायचं नाही, जुना कर्नल मशीनवरच असतो. सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मधून मागचा निवडायचा. यादी दिसत नसेल तर एस्केप टकटकवायचं. हे एकदा समोर बसून करून घ्या. संकटात पहिल्यांदा करायला लागलं तर कुणालाही जमत नाही. २२ वरून २२.१, २२.२ असं पुढे जायचं असेल तर अपडेट मॅनेजरच्या एडिट मेनूतच पर्याय येतो, पेन ड्राइव्ह लागत नाही. बायोसचं अपडेट डेल-लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलना लिनक्समधूनच मिळतं, फर्मवेअरच्या ॲपमधून.

फोनवर मदत करताना "काय झालं?" असं विचारू नका, "पडद्यावर काय लिहिलंय ते वाच" म्हणा. फोटो मागवा, पूर्ण पडद्याचा, तिरका नसलेला. आणि काल कुठलं अपडेट लावलं ते विचारा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

नकोच असेल तर

काही जणांना नाही जमत, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. काढण्याचा रस्ताही पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा, म्हणजे बसवताना भीती राहत नाही. बायोसच्या बूट क्रमात "विंडोज बूट मॅनेजर" सगळ्यात वर आणायचं. मिंट बसवलेलं असलं तरी त्या यादीत त्याचं नाव "उबुंटू" असं दिसतं, गोंधळू नका. मग विंडोज सुरू करून डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचं पार्टिशन डिलीट, आणि सी ड्राइव्ह तेवढ्या जागेवर वाढवायचा, मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं नसेल तर. ईएफआय पार्टिशनमध्ये उरलेलं उबुंटूचं छोटं फोल्डर काही त्रास देत नाही, तसंच राहू द्या. ईएफआय पार्टिशन मात्र चुकूनही डिलीट करायचं नाही, त्याच्यावरच विंडोजही सुरू होतं.